‘बिचारी’ ते ‘माजली’

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी परात घासून ओट्यावर पालथी घातली, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, “वहिनी, या वर्षी साडी नको. साडीला जे काय लागणार असतील ते पैसेच द्या. आणि महिन्यातल्या दोन सुट्ट्या मी आधी सांगून घेत जाईन, त्यांचा खाडा धरू नका.” आवाज चढलेला नव्हता, चेहऱ्यावर रागही नव्हता. उत्तराची वाट न बघता चपला घालून त्या पुढच्या घरी गेल्या, कारण तिथे डब्याची वेळ झाली होती.

जिन्यावरचा पावलांचा आवाज थांबला तशा सासूबाई म्हणाल्या, “माजल्या.”

दुपारी शेजारच्या काकू आल्या. त्यांनीही सगळं ऐकून घेतलं आणि तोच शब्द काढला. आठवडाभरापूर्वीपर्यंत याच बाईसाठी आमच्या घरात ‘बिचारी’ हा शब्द होता. नवरा गेलेला, पदरात दोन मुलं, बुऱ्हाणपूरकडची शेती दिरांनी घेतलेली, सकाळी सहापासून पाच घरच्या पोळ्या, आणि तरी तोंडावर सदा हसू. किती समाधानी, किती मायाळू, असं आम्ही आल्यागेल्याला सांगत असू. ‘बिचारी’पासून ‘माजली’पर्यंतचं अंतर त्यांनी दोन वाक्यांत कापलं. त्या वाक्यांत त्या खोटं बोलल्या नव्हत्या, कुणाचा अपमान केला नव्हता. भेटीच्या जागी मोबदला मागितला होता, एवढंच.

तेव्हापासून हे दोन शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीत. गरिबाला आपण जी चांगली विशेषणं देतो ती त्याने काही मागू नये या अटीवर दिलेली असतात, असं मला आता ठामपणे वाटतं. गरीब आळशी, गरीब व्यसनी, गरीब लबाड ही कडू मतं चुकीची आहेत, हे निदान तोंडाने तरी बहुतेक सुशिक्षित माणसं मान्य करतात. गोड मतांवर मात्र कुणी बोट ठेवत नाही. गरीब पण समाधानी, गरीब पण प्रामाणिक, गरीब पण मनाने श्रीमंत. माझं म्हणणं असं की ही गोड मतं आधी सोडायला हवीत, कारण विषमता टिकवण्याचं मोठं काम तीच करतात.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ सुसान फिस्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक साधी चौकट मांडली. कुठल्याही परक्या गटाकडे पाहताना आपण मनात दोन प्रश्न विचारतो. हे लोक आपल्याशी मायेने वागतील का? आणि यांच्यात काही करून दाखवायची धमक आहे का? पुष्कळ गटांना आपण एका प्रश्नात पास करतो आणि दुसऱ्यात नापास. श्रीमंत कर्तबगार, पण कोरडे. म्हातारी माणसं प्रेमळ, पण आता त्यांच्याच्याने काही होत नाही. पुढे २०१३ मध्ये फेदेरिका दुरांते, फिस्क आणि बऱ्याच देशांतल्या संशोधकांनी मिळून युरोप, अमेरिका, आशिया, आफ्रिका आणि ओशियानिया इथले ३७ नमुने तपासले. ज्या देशांत उत्पन्नातली विषमता जास्त, तिथे अशी अर्धी गोड आणि अर्धी कडू मतं जास्त आढळली. त्यावरचं त्यांचं म्हणणं मला फार महत्त्वाचं वाटतं. विषम समाजाला टिकून राहायचं असेल तर प्रत्येक गटाच्या ओंजळीत काहीतरी चांगलं टाकावं लागतं. पैसा देता येत नाही, म्हणून प्रतिमा दिली जाते. ती भरपाई असते.

भरपाई हा शब्द वाचला आणि मला दिवाळीची साडी आठवली.

याच्याही आधी, २००३ मध्ये, एरन के आणि जॉन जोस्ट यांनी काही लोकांना छोट्या गोष्टी वाचायला दिल्या होत्या. काहींच्या गोष्टीतला माणूस गरीब पण सुखी होता, काहींच्या गोष्टीतला गरीब आणि दुःखी. दुसऱ्या फेरीत गरीब पण प्रामाणिक विरुद्ध गरीब आणि अप्रामाणिक. नंतर सगळ्यांना विचारलं की आपला समाज एकंदरीत न्यायाने चालतो असं वाटतं का. गरीब पण सुखी, गरीब पण प्रामाणिक अशा गोष्टी वाचलेले लोक ‘हो’ म्हणण्याकडे जास्त झुकले. एका छोट्या गोष्टीने एवढं होत असेल, तर लहानपणापासून कानावर पडलेल्या शेकडो गोष्टींनी काय होत असेल? आपल्या पाठ्यपुस्तकांतला, कीर्तनातला, शाळेच्या स्नेहसंमेलनातला गरीब नेहमी कसा होता, आठवून पाहावं. सापडलेलं पाकीट परत करणारा, अर्ध्या भाकरीत तृप्त होणारा. स्वतःच्या मजुरीचा दर वाढवून मागणारा गरीब त्या गोष्टींत मला तरी भेटला नाही.

मराठी घरांत या प्रतिमेला आणखी एक टेकू आहे, तो म्हणजे साध्या राहणीचं कौतुक. ते कौतुक मलाही आहे, माझे वडील तसेच राहिले. पण ज्याला बंगला बांधता आला असता आणि तरी ज्याने बांधला नाही, त्याची राहणी साधी. पत्र्याखाली राहण्यावाचून ज्याला इलाज नाही, त्याची राहणी साधी नसते, ती अपुरी असते. एका शब्दाची माया दुसऱ्या स्थितीवर पांघरली की ती स्थिती निवडलेली वाटू लागते. मावशी समाधानी आहेत हे आम्हाला कुणी सांगितलं? त्या आमच्या स्वयंपाकघरात तासभर असतात, आणि त्या तासात त्यांनी कुरकुर केली तर काम जाऊ शकतं. त्या हसण्याला आम्ही स्वभाव समजत होतो.

देशातलं अंतर किती वाढलं आहे तेही इथे सांगायला हवं. पॅरिसच्या वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार २०२२-२३ मध्ये भारतातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता. इतकं अंतर डोळ्यांदेखत असताना रात्री शांत झोप लागायची असेल तर मनाला पुष्कळ गोष्टी सांगाव्या लागतात. मी राहते त्या इंदुरात ते अंतर पायी चालून बघता येतं. बायपासकडच्या टाउनशिपच्या भिंतीला लागून वस्ती आहे, भिंतीला काचा लावलेल्या आहेत, आणि भिंतीत एक छोटं दार आहे. सकाळी त्या दारातून बायका आत जातात, दुपारी बाहेर येतात. आतली माणसं त्या दारातून कधी पलीकडे जात नाहीत. पलीकडचं जे काही आपल्याला माहीत असतं ते कामाला येणाऱ्या माणसाच्या तोंडून, तेही तो जेवढं सांगेल तेवढंच.

आता मावशींच्या घरखर्चाच्या हिशेबाबद्दल सांगते, कारण माझे डोळे तिथे उघडले.

जूनमध्ये मावशींनी आठ हजारांची उचल मागितली होती. त्या वेळी माझ्याही मनात आलं होतं की हातात फोन तर एवढा मोठा आहे. मी तसं बोलले नाही, पण माझा चेहरा बोलला असणार, कारण त्यांनी आपणहून फोन ओट्यावर ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. मी कॅलेंडरच्या पानामागे लिहीत गेले. खोलीचं भाडं. वीज घरमालकाच्या मीटरवरून, म्हणजे आपण भरतो त्यापेक्षा चढ्या दराने. बीसीचे हजार. (इंदुरात भिशीला सगळे बीसीच म्हणतात.) धाकट्याची फी, बुऱ्हाणपूरला आईची औषधं. तेल अर्धा लिटर, शाम्पू पुडीतला, चहापत्ती दहा रुपयांची. मी विचारलं, डबा का घेत नाही, स्वस्त पडतो ना? त्या म्हणाल्या, “एकदम सात-आठशे हातात कधी असतात? आणि डबा दिसला की शेजारीण वाटी घेऊन येते. तिच्या घरी मी पण वाटी नेलेली असते, नाही कसं म्हणू?”

मोठ्या मुलाला डेंग्यू झाला तेव्हा दवाखान्याने रात्री दहाला पैसे भरायला सांगितले. त्या रात्री वस्तीतल्या एकाकडून शेकडा दहाने पैसे घेतले, दहा टक्के महिन्याला. उचल त्याचं तोंड बंद करायला हवी होती. आणि फोन हप्त्यावर घेतलेला. शाळेचे निरोप त्यावर येतात, रेशनचा ओटीपी त्यावर येतो, गॅसचा नंबर त्यावर लागतो, आणि पाचपैकी तीन घरं पगार फोन-पेवर टाकतात. “जुना बटणवाला होता तर एका भाभींनी सांगितलं, रोख नसते आमच्याकडे.” ज्या फोनवरून मी त्यांना उधळ्या ठरवलं होतं, तो फोन आमच्यासारख्यांच्या सोयीसाठी घेतलेला होता.

पानावरची बेरीज त्यांनी माझ्याआधी तोंडी सांगितली. एक रुपयाचाही फरक नव्हता.

आपल्याकडे म्हण आहे, गरजवंताला अक्कल नसते. मी ती शंभरदा ऐकली आणि वापरलीही, नेहमी गरीब माणसाच्या एखाद्या चुकीच्या व्यवहाराबद्दल. पण म्हणीत गरीब हा शब्द नाही, गरजवंत आहे. ज्याने ही म्हण पहिल्यांदा उच्चारली त्याला माणसाच्या जातीचं किंवा स्वभावाचं काही सांगायचं नसावं. गरज मानेवर बसली की माणसाला शहाणपणाने वागायला जागा उरत नाही, एवढंच त्याला दिसलं असावं. आनंदी मणी, सेंधिल मुल्लयनाथन, एल्डर शाफिर आणि जियायिंग झाओ यांनी २०१३ मध्ये तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांवर केलेला अभ्यास छापला. उसाचे पैसे वर्षातून एकदा येतात, म्हणजे एकच शेतकरी तोडणीआधी ओढगस्तीत असतो आणि तोडणीनंतर हात मोकळा असतो. त्याच माणसांच्या बुद्धीच्या चाचण्या दोन्ही वेळा घेतल्या, आणि पैसे आल्यावर तीच माणसं त्या चाचण्यांत चांगली ठरली. आकडे कसे मांडले यावर तेव्हाच आक्षेपही घेतले गेले, ते असू देत. मला त्यातून घेण्यासारखी गोष्ट ही वाटते की त्यांनी गरिबाची तुलना श्रीमंताशी केली नाही. त्या माणसाची तुलना त्याच्याशीच केली. आपण नेमकं हेच करत नाही. मावशींच्या जागी मी, शेकडा दहाच्या व्याजात, डेंग्यूच्या रात्री, कशी वागले असते असा विचार मी कधी केलाच नव्हता.

“पण पैसे हातात दिले की दारूत जातात,” हे वाक्य पुढे येतंच. ते आमच्या काकूंनीही म्हटलं. त्याचं उत्तर शोधायला इंदूर जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. २०११-१२ मध्ये स्वयंरोजगारी बायकांच्या ‘सेवा’ या संघटनेने, युनिसेफच्या मदतीने, याच जिल्ह्यातल्या आठ गावांत सरसकट प्रत्येकाला दरमहा पैसे दिले. मोठ्या माणसाला सुरुवातीला २०० रुपये आणि लहान मुलाला १००, नंतर ते ३०० आणि १५० झाले. अट काहीही नाही. कशावर खर्च करायचे ते ज्याचं त्याने ठरवायचं. तुलनेसाठी पैसे न मिळालेली तशीच गावं घेतली. दारूवरचा खर्च वाढला नाही. ताटातलं अन्न सुधारलं, औषधोपचार वेळेवर झाले, मुलांच्या शाळेवर जास्त खर्च झाला. काम सोडून लोक घरी बसले नाहीत, उलट स्वतःच्या शेतावर आणि छोट्या धंद्यात राबणं वाढलं. आमच्या स्वयंपाकघरापासून ही गावं फार तर दीड-दोन तासांवर असतील. त्यांची गोष्ट इंदुरात कुणाच्या तोंडी नाही. आणि भीक मागणाऱ्या एका बाईकडे लाखो रुपये सापडल्याची बातमी मात्र प्रत्येकाला पाठ आहे. लखपती भिकारणीची गोष्ट आपल्याला हवी असते, कारण ती आपला हात खिशातून बाहेर काढण्यापासून वाचवते.

कुणी म्हणेल, अनुभवावरून बोलतो आम्ही. उचल घेऊन पळालेली बाई आमच्याही घरी होऊन गेली. खरं आहे, आमच्याही घरी झालंय तसं. पण आमच्या ओळखीतल्या एका बिल्डरने तीस कुटुंबांचे बुकिंगचे पैसे बुडवले, तेव्हा बिल्डर बुडवे असतात असं म्हणून कुणी फ्लॅट घ्यायचे थांबवलं नाही. त्या माणसाचं नाव घेऊन तो वाईट असं म्हटलं. पैसेवाल्याचा दोष त्याच्या एकट्याच्या खात्यावर जमा होतो. गरिबाचा दोष त्याच्या सगळ्या गोताच्या खात्यावर पडतो, आणि पुढची बाई कामाला आली की तिच्याकडून वसूल केला जातो.

भारतात यात जात मिसळलेली आहे, ती बाजूला ठेवून हे बोलणं अप्रामाणिकपणाचं होईल. गरीब म्हटल्यावर डोळ्यांसमोर जो चेहरा येतो, जी वस्ती येते, ती जातीने आधीच ठरवून ठेवलेली असते. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या मुलांना भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात कुणाला माहीत नसताना दलित मुलं आणि सवर्ण मुलं जवळपास सारखीच कोडी सोडवत होती. मुलांच्या दुसऱ्या गटांत मात्र सगळ्यांसमोर नाव आणि जात वाचून दाखवली. तिथे दलित मुलांनी सोडवलेली कोडी कमी भरली. मुलं तशीच, कोडी तशीच. शिक्का बाहेरून लागतो आणि काही मिनिटांत हातात उतरतो. आमच्या घरात मावशींचा कप वेगळा नाही, पण माझ्या आजीच्या घरात तो वेगळा होता, खिडकीत पालथा ठेवलेला. ‘त्या लोकांना सवय असते’ हे वाक्य त्या कपाबरोबरच आलेलं आहे. उन्हाची सवय, उभं राहून काम करायची सवय, मिळेल ते खायची सवय.

माझे काका एका गिरणीत मागावर होते. मालवा मिल, हुकुमचंद, स्वदेशी, राजकुमार, कल्याणमल, भंडारी अशा गिरण्यांच्या भोंग्यांवर तेव्हा शहर चालायचं. परदेशीपुऱ्याच्या त्या चाळीत काकांना मान होता. कामाचा माणूस, पगारदार, नातेवाइकांच्या लग्नात पुढे बसवला जाणारा. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरणीची झांकी, म्हणजे सजवलेला चालता देखावा, निघायची, कामगार महिना-महिना खपून ती उभी करायचे आणि रात्रभर सगळं इंदूर रस्त्यावर असायचं. मग गिरणी बंद पडली. काकांची एक सवयही बदलली नव्हती. पहाटे उठायचे, दाढी करायचे, धुतलेला शर्ट घालायचे. पण दोन-तीन वर्षांतच नातेवाइकांचं बोलणं बदललं. गिरणीवाल्यांना कामाची सवयच नव्हती. युनियनने डोक्यावर चढवलं होतं. दुसरं काही शिकायची धमक नाही. कर्तबगारीच्या प्रश्नात जो माणूस काल पास होता, तो पगार थांबल्यावर नापास झाला. पुढे काकांनी मागणं सोडून दिलं, गणपतीच्या देवळाबाहेर पुस्तकं विकायला बसू लागले, तेव्हा त्यांना पुन्हा चांगलं विशेषण मिळालं. बिचारे.

हुकुमचंद मिलचं तर सगळ्या शहराला माहीत आहे. १९९१-९२ मध्ये ती बंद पडली आणि कामगारांचे थकलेले पैसे मिळण्याचा मार्ग डिसेंबर २०२३ मध्ये मोकळा झाला, सुमारे ४,८०० कामगारांसाठी २२४ कोटी रुपये. मधल्या तीस वर्षांत कित्येक जण वारले. हे त्यांचे स्वतःचे कमावलेले पैसे होते. तरी त्या दिवसांत मी लोकांना ‘मदत मिळाली’ असं म्हणताना ऐकलं. आणि त्या तीस वर्षांत झांक्या बंद झाल्या नाहीत, हेही नोंदवून ठेवावंसं वाटतं. पगार बंद झालेल्या माणसांनी वर्गणी गोळा करून त्या काढल्या. ज्यांना आपण आळशी म्हणत होतो ते रात्री-रात्री जागून बांबू आणि कागद जोडत होते, आणि आपण मुलांना खांद्यावर घेऊन ते बघायला जात होतो.

श्रीमंतांबद्दलच्या आपल्या मतांचीही तपासणी व्हायला हवी, आणि तिथे इंदूरच्या मराठी माणसाला आरशात बघावं लागेल. होळकरांच्या काळात आपली पुष्कळशी माणसं इथे आली ती दरबारात, दफ्तरात, शाळेत. व्यापार दुसऱ्यांच्या हातात राहिला. मग आपल्या घरांत एक वाक्य रुळलं: त्यांच्याकडे लक्ष्मी, आपल्याकडे सरस्वती. ते पैसेवाले पण रुक्ष, आपण बेताचे पण सुसंस्कृत. गाण्याच्या बैठका आपल्या, नाटकं आपली. त्या वाक्याने आपल्याला कितीतरी वर्षं धीर दिला, आणि ते वाक्यही भरपाईच होतं. त्याची किंमत अशी की पैसा म्हणजे काहीतरी लबाडी, असं धरून चालल्यावर तो कसा जमतो, कुणाच्या श्रमातून जमतो, त्यावर कर किती लागतो, वारसाने तो पुढच्या पिढीकडे कसा जातो, हे आपण विचारलंच नाही. शेटजी वाईट म्हणून मोकळे झालो. आणि एखाद्या शेटजींनी धर्मशाळा बांधली की ते देवमाणूस. शहरात श्रीमंतांनी बांधलेल्या देवळांची, धर्मशाळांची, पाणपोयांची नावं आपल्याला येतात. त्यांच्या पेढीवर, गिरणीत, गोदामात राबणाऱ्याला दिवसाचा रोज किती मिळायचा, ते कुणाला ठाऊक नाही. माणूस कोरडा की मायाळू यावर चर्चा होत राहते आणि मजुरीचा दर चर्चेबाहेर राहतो. श्रीमंताला दुष्ट ठरवणं म्हणजे विषमतेला विरोध करणं, असं मला पूर्वी वाटायचं, आता वाटत नाही.

स्वच्छतेचं उदाहरण घ्या. २०१७ पासून सलग सात वर्षं स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर देशात पहिलं आलं. मला त्याचा मनापासून अभिमान आहे. आमच्या गल्लीत सकाळी गाडी येते तेव्हा ओला कचरा वेगळा, सुका वेगळा करून मीच खाली घेऊन जाते. पण हे शहर ज्यांच्या हातांनी स्वच्छ झालं त्यांची वस्ती अस्वच्छ, ही समजूत पुसली गेलेली नाही. जानेवारी २०२१ च्या थंडीत याच शहरातून रस्त्यावर राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना महापालिकेच्या गाडीत घालून क्षिप्रा गावाजवळ सोडण्यात आलं. तिथल्या लोकांनी हटकलं, चित्रफीत देशभर गेली, आणि त्यांना परत आणावं लागलं. अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, ते योग्यच झालं. पण आपल्यापैकी किती जणांच्या मनात गरीब माणूस हा दृश्यातून हलवायचा कचरा होता, याची चौकशी कुठे झाली नाही.

शंभर वर्षांपूर्वी याच शहरात वेगळं घडलं होतं. स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना होळकर दरबाराने इंदूरच्या आखणीसाठी बोलावलं होतं, त्यांचा अहवाल १९१८ चा आहे. शहरात प्लेग होता. गेडिस यांनी दिवाळीला मिरवणूक काढायचं ठरवलं आणि सांगितलं की जे रस्ते सगळ्यांत स्वच्छ असतील त्यांवरून ती जाईल. त्या मिरवणुकीत सफाई करणारी माणसं नवे कपडे घालून, गळ्यात हार घालून चालली. शेवटी घाणीच्या राक्षसाचा आणि प्लेगच्या उंदराचा पुतळा जाळला. ज्यांना शहर दारापाशीही उभं करत नव्हतं ती माणसं त्या दिवशी शहराच्या पुढे होती. मला ही गोष्ट फार आवडते. तरी हेही म्हणायला हवं की हार दुसऱ्या दिवशी सुकले, आणि त्यांचा रोज वाढला असं कुठे वाचायला मिळत नाही. सन्मानाची भरपाई साडीपेक्षा मोठी, पण तीही भरपाईच.

म्हणून मी पगारावर येते. घरकामगारांना कामाचे ठरलेले तास, आठवड्याची सुट्टी, किमान वेतन असावं, असा करार आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जून २०११ मध्ये संमत केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिलं, पण तो स्वतःवर बंधनकारक करून घेतला नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये घरकामगारांसाठी कायद्याची चौकट कशी असावी याचा विचार करायला समिती नेमा, असं केंद्राला सांगितलं. कायदा व्हायला हवा आणि त्यासाठी आपण आवाज उठवायला हवा, कारण आपणच त्यातले मालक आहोत. आजवर आपण मालकासारखे वागलो नाही, आईबाप असल्यासारखे वागलो. जुने कपडे दिले, उरलेली भाजी दिली, मुलाच्या फीला हजार दिले, आणि त्या बदल्यात खाडे कापले. ‘घरच्यासारखी आहे’ म्हणताना घरच्यांना खाडा लागत नाही, हे लक्षात आलं नाही.

दिवाळीनंतर मी आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर लिहिलं की आम्ही पोळ्यांचा दर वाढवतो आहोत, महिन्याला चार पगारी सुट्ट्या देतो आहोत, आणि दिवाळीला एक पगार जास्त. सगळ्यांनी हे लिहून ठेवावं अशी विनंती केली. दोघांनी लगेच होकार दिला. एका काकांनी लिहिलं की तुम्ही सगळ्यांचे दर बिघडवून ठेवाल. सासूबाई दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, त्यांच्या धाकट्याची फी किती आहे गं?

मावशींना मी कागद वाचून दाखवला. त्यांनी पोळपाट बाजूला ठेवला, पिठाचे हात तसेच ठेवून ऐकलं आणि विचारलं, “चार सुट्ट्या म्हणजे चार रविवार, का मी सांगेन ते चार दिवस? कारण रविवारी तुमच्याकडे पाहुणे असतात, तुम्हालाच अडचण होईल. आणि न घेतलेली सुट्टी पुढच्या महिन्यात धरायची का, ते पण लिहा.”

मी पेन घ्यायला आत गेले.